आईच्या गुडघ्यातलं प्लॅस्टिक आणि जॉन चार्नली



इथे आपण नेहमी प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा सेन्सर असल्या गोष्टींवर बोलतो. आज जरा वेगळं हार्डवेअर घेऊया. याला चार्जिंग लागत नाही, अपडेट येत नाहीत, आणि एकदा बसवलं की पंधरा-वीस वर्षं तरी पुन्हा उघडायची वेळ येऊ नये अशी अपेक्षा असते. माझ्या आईच्या उजव्या गुडघ्यात ते बसवलंय.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. वसमत म्हटलं की हळद. हळदीचं बेणं लावण्यापासून ते खुरपणी, काढणी, शिजवणी, वाळवणीपर्यंत बायांची अर्धी कामं उकिडवं बसून चालतात. आईने ती तीस वर्षं केली. पन्नाशी ओलांडली तसा उजवा गुडघा दुखायला लागला, मग सुजायला लागला, मग पाय हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकला. गावात सगळ्यांचं निदान एकच: वंगण संपलं. कुणी तेल सांगितलं, कुणी डिंकाचे लाडू, कुणी पट्टा. शेवटी नांदेडला दाखवलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की गुडघा पूर्ण बदलायची गरज वाटत नाही, आतल्या बाजूचा अर्धाच भाग बदलून चालेल. आणि मग घरात वाद सुरू झाला. अर्धा गुडघा म्हणजे काय? अर्धवट काम का करायचं? करायचं तर एकदाच पूर्ण करून टाकावं ना? गावातल्या एका मावशीच्या दोन्ही वाट्या बदलल्यात, त्या मस्त चालतात, मग आपलंच असं का?

घरात इंजिनिअर मी एकटा, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला. पण पुण्याला परत आल्यावर रात्री बसून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एका माणसाजवळ येऊन थांबलो. त्या माणसाने आयुष्यभर प्रामुख्याने खुब्याचं काम केलं, गुडघ्याचं नाही. तरीही आईच्या गुडघ्यात जे बसवायचं होतं, त्याचं मूळ त्याच्याच वर्कशॉपमध्ये सापडलं. त्याचं नाव जॉन चार्नली.

कापडगिरण्यांच्या मुलखातला मुलगा

चार्नलीचा जन्म 29 ऑगस्ट 1911 चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातल्या बरी या गावचा. वडिलांचं औषधांचं दुकान, आई नर्स. आजूबाजूला सगळीकडे कापडगिरण्या. मँचेस्टरला डॉक्टरकी शिकला, 1935 ला पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी सर्जनची मोठी परीक्षाही पास झाला. हुशार होता, पण त्याचा स्वभाव काही साधा नव्हता. चटकन चिडायचा, समोरच्याला तोंडावर चूक म्हणायचा. हे पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात डॉक्टर होता. इजिप्तमध्ये कैरोला असताना त्याला लष्कराच्या वर्कशॉपचा नाद लागला. जखमी सैनिकांसाठी स्प्लिंट, शस्त्रक्रियेची हत्यारं असं काय काय तो तिथल्या मेकॅनिक लोकांबरोबर बसून बनवून घ्यायचा. डॉक्टरने लेथ मशीनजवळ उभं राहायचं, हे तेव्हा फार कुणी करत नव्हतं. ती सवय त्याला शेवटपर्यंत राहिली. पुढे कित्येक वर्षांनी रुग्णांच्या खुब्यात बसवायच्या वाट्या तो घरच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर कातायचा.

युद्ध संपल्यावर मँचेस्टरला परत आला आणि त्याने एक वेडेपणा केला. हाडाचा तुकडा एका जागेवरून काढून दुसरीकडे लावला तर तो कसा जगतो, हे त्याला बघायचं होतं. मग त्याने एका सहकाऱ्याला तयार करून स्वतःच्याच नडगीवर ऑपरेशन करून घेतलं. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि दुखणं बरंच लांबलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पठ्ठ्याने थेट प्रोडक्शनवर टेस्टिंग केलं, आणि सर्व्हर स्वतःच होता.

गुडघ्याशी त्याची पहिली गाठ पडली ती याच काळात, आणि ती गुडघा बदलण्यासाठी नव्हती. गुडघा कायमचा बंद करण्यासाठी होती. तेव्हा क्षयरोगाने किंवा संधिवाताने सडलेल्या, असह्य दुखणाऱ्या गुडघ्यावर एक उपाय असा होता की वरचं आणि खालचं हाड एकमेकांना जोडून टाकायचं. गुडघा वाकणार नाही, पण दुखणारही नाही. चार्नलीने दोन्ही हाडं क्लॅम्पने एकमेकांवर घट्ट दाबून ठेवायची पद्धत काढली, त्यामुळे ती लवकर जुळायला लागली. 1948 ला त्याने हे प्रसिद्ध केलं. विचार करा, आपल्याकडे ज्या बाईचा अर्धा दिवस जमिनीवर जातो तिचा गुडघा असा काठीसारखा सरळ केला तर काय होईल? तेव्हा तोसुद्धा चांगला उपाय होता.

कुरकुरणारा खुबा

आता मुख्य गोष्ट. त्या काळी फ्रान्समधल्या दोन भावांनी काढलेला अ‍ॅक्रिलिकचा खुबा वापरात होता. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून तिथे अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवायचा. असाच एक रुग्ण चार्नलीकडे आला. त्याचा खुबा चालताना, वाकताना कुरकुर आवाज करायचा. इतका की घरच्यांना तो सहन होईना.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हसून सोडून दिलं असतं. चार्नलीच्या डोक्यात मात्र प्रश्न घुसला. आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे. सांध्यात तर नैसर्गिक द्रव असतो, त्यालाच आपण वंगण म्हणतो. मग त्या वंगणाने अ‍ॅक्रिलिकचा गोळा बुळबुळीत का होत नाही?

त्याने इंजिनिअर लोकांना बरोबर घेऊन प्रयोग केले. दिसलं असं की आपल्या खऱ्या सांध्यातलं घर्षण बर्फावरच्या बर्फाइतकं, किंबहुना त्याहूनही कमी असतं. पण ती करामत एकट्या द्रवाची नाही. ती हाडांच्या टोकावर असलेल्या कूर्चेची आहे. कूर्चा म्हणजे ती पांढरी, गुळगुळीत, किंचित दबणारी गादी. द्रव आणि कूर्चा यांची जोडी आहे. कूर्चेच्या जागी प्लॅस्टिक किंवा धातू आला की तोच द्रव जवळपास निरुपयोगी ठरतो.

हे वाचलं आणि मला आमचं गाव आठवलं. वंगण संपलं, वंगण संपलं असं जे सगळे म्हणतात, त्यात वंगणापेक्षा गादीचा मुद्दा मोठा आहे. झिजलेली असते ती गादी. बेअरिंगची गोळी झिजलेली असताना वरून कितीही ग्रीस भरा, खडखड थांबत नाही, तसंच हे. तेल चोळून शेकल्यावर आईला बरं वाटायचं, ते खोटं नव्हतं, पण चोळलेलं तेल काही सांध्याच्या आत जात नाही.

चार्नलीने निष्कर्ष काढला: वंगणाच्या भरवशावर राहायचं नाही. मुळातच ज्याला वंगण लागत नाही असा पदार्थ शोधायचा. आणि तो त्याला सापडला. टेफ्लॉन. हो, तेच, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं ते.

त्याने अजून एक हुशारी केली. मांडीच्या बाजूचा धातूचा गोळा त्याने मुद्दाम छोटा केला. कारण कळायला सोपं आहे. सायकल उलटी करा, चाक जोरात फिरवा. टायरला बोट लावलं तर चाक पटकन थांबतं. तेवढ्याच जोराने मधल्या एक्सलजवळ बोट लावा, चाक फिरतच राहतं. घर्षण केंद्राच्या जितकं जवळ, तितका त्याचा अडथळा कमी. म्हणून गोळा लहान केला. बऱ्याच प्रयोगांनंतर तो 22.225 मिलिमीटरवर येऊन थांबला, म्हणजे बरोबर एक इंचाचे सात अष्टमांश. हे सगळं हाडात पक्कं बसवायला त्याने जे अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतलं, ते दातांच्या कवळीचं साहित्य. मँचेस्टरमध्ये दंतसाहित्यावर काम करणाऱ्या डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने ते मिळालं. ते भिंतीच्या भेगेत लांबी भरावी तसं हाडाच्या बारीक खाचांमध्ये शिरतं आणि मिनिटांत कडक होतं.

रायटिंग्टन नावाचं क्षयरोग्यांचं एक जुनं हॉस्पिटल होतं, विगन गावाजवळ. तिथे त्याने आपलं केंद्र उभं केलं. वर्षानुवर्षं खाटेवर पडलेली माणसं टेफ्लॉनच्या खुब्यावर चालायला लागली. चार्नलीचं नाव झालं.

तीनशे माणसं

आणि मग ते सगळं बिघडलं.

तीन-चार वर्षांत लोक परत यायला लागले. दुखतंय, पाय आखूड झालाय. एक्स-रेमध्ये दिसायचं की धातूचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत खड्डा करत आत घुसलाय. टेफ्लॉन बुळबुळीत होतं, त्यात काही खोट नव्हती. पण ते मऊ होतं. चालताना अंगाचा सगळा भार त्या छोट्या गोळ्यावर यायचा आणि टेफ्लॉन खडूसारखं झिजायचं. वर त्या झिजेची भुकटी आजूबाजूच्या मांसात साचून तिथे गाठी व्हायच्या, हाड पोखरलं जायचं. शरीराच्या पेशी त्या कणांवर तुटून पडतात, त्यांना ते कण पचत नाहीत, आणि त्या भांडणात हाडाचं नुकसान होतं.

इथे मी वाचायचा थांबलो होतो. कारण मला ही चूक ओळखीची वाटली. आपण अ‍ॅप बनवताना एकच आकडा धरून बसतो, समजा स्पीड. तो आकडा भारी येतो, आपण खूश, आणि सहा महिन्यांनी कळतं की मेमरी गळतेय. चार्नलीने घर्षण मोजलं. झीज त्याने पुरेशी मोजली नव्हती. कमी घर्षण म्हणजे कमी झीज असं आपल्यालाही वाटेल, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साबणाची वडी बुळबुळीत असते, टिकते किती?

फरक एवढाच की आपला बग पॅच करता येतो. त्याचे बग सुमारे तीनशे माणसांच्या शरीरात होते.

त्याने काय केलं ते महत्त्वाचं. लपवलं नाही. ज्यांना त्याने टेफ्लॉन बसवलं होतं त्यांची पुन्हा ऑपरेशन्स तो स्वतः करत राहिला. टेफ्लॉनचा आणि नंतर नव्या प्लॅस्टिकचा तुकडा त्याने स्वतःच्याच मांडीत घालून घेतला, कोणत्या तुकड्याभोवती गाठ होते ते बघायला. टेफ्लॉनभोवती झाली. ते त्याने वैद्यकीय नियतकालिकात छापलं, इतरांनी ही चूक करू नये म्हणून.

लेथवरचा क्रेव्हन

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. हॅरी क्रेव्हन. हा डॉक्टर नव्हता, चार्नलीच्या वर्कशॉपमधला तंत्रज्ञ होता. प्लॅस्टिकचे नमुने धातूवर घासून झीज मोजायचं यंत्र त्याच्या ताब्यात होतं.

1962 च्या मे महिन्यात एक सेल्समन वर्कशॉपला आला. तो कापडगिरण्यांच्या मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाकं विकायचा. त्याच्याकडे जर्मनीत तयार होणारं एक नवीन पॉलिथिन होतं. क्रेव्हनने तुकडा ठेवून घेतला आणि चार्नलीला दाखवला. चार्नलीने अंगठ्याचं नख दाबून बघितलं, हे काही कामाचं नाही म्हणाला आणि परदेशी परिषदेला निघून गेला. मघाशी स्वभाव सांगितला ना, तो हा.

क्रेव्हनने ऐकलं नाही. साहेब गेल्यावर त्याने तो तुकडा यंत्रावर चढवला आणि रात्रंदिवस चालू ठेवला. तीन आठवडे घासूनही त्या पॉलिथिनची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीसुद्धा झाली नाही.

चार्नली परत आला, त्याने आकडे बघितले आणि आपलं मत बदललं. इथे मला त्याच्याविषयी खरा आदर वाटला. ज्याने तोंडावर नाही म्हटलंय, त्याने आपल्या हाताखालच्या माणसाचं ऐकणं सोपं नसतं. ऑफिसात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने पॉलिथिनची वाटी पहिल्यांदा रुग्णाला बसवली.

हे पॉलिथिन म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. किराणा दुकानातली पातळ पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे. फरक साखळीच्या लांबीचा. साध्या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या आखूड असतात, याच्या कित्येक पट लांब. लांब साखळ्या एकमेकींत इतक्या गुंततात की घासलं तरी सुटून येत नाहीत. सुताची आखूड तुकड्यांची गुंडी आणि लांब धाग्यांची गुंतवळ, यातलं ओढून तोडायला काय अवघड? तेच. टेफ्लॉनपेक्षा याचं घर्षण जास्त आहे, तरी हे जिंकलं, कारण हे टिकलं.

तरीही चार्नलीने दूध पोळल्यासारखं ताक फुंकून प्यायलं. इतर सर्जनना तो हा खुबा लगेच विकू देईना. बनवणाऱ्या कंपनीला त्याची अट होती की ज्याने रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकली आहे त्यालाच माल द्यायचा. आपल्या रुग्णांना वर्षानुवर्षं तपासायला बोलवायचा. एवढंच नाही, तर मेल्यानंतर खुबा काढून तपासायला द्याल का, असं तो रुग्णांना जिवंतपणी विचारायचा, आणि अनेकजण हो म्हणायचे. किती झिजलं हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्या मते क्रॅश रिपोर्ट मागायची यापेक्षा सरळ पद्धत नाही.

जंतुसंसर्गाच्या मागेही तो असाच लागला. सुरुवातीला शंभरातल्या सातेक रुग्णांना संसर्ग व्हायचा. त्याला संशय आला तो ऑपरेशन थिएटरमधल्या हवेचा. हवा गाळायच्या यंत्रणा बनवणाऱ्या एका उद्योजकाला बरोबर घेऊन त्याने थिएटरच्या आत काचेची छोटी खोली उभारली, त्यात गाळलेली हवा वरून खाली सोडली, आणि सर्जनना अंतराळवीरासारखे बंद पोशाख घातले, ज्यांतला श्वास नळीने बाहेर ओढला जायचा. संसर्ग शंभरात एकाच्याही खाली आला. लोक म्हणायचे हा अँटिबायोटिकचा परिणाम असेल. 1982 मध्ये आठ हजारांहून जास्त ऑपरेशन्सच्या मोठ्या चाचणीत दिसलं की स्वच्छ हवेचा वाटा खराच होता. त्याच वर्षी 5 ऑगस्टला चार्नली गेला. तोपर्यंत त्याला सर हा किताब मिळाला होता, रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं होतं. लग्न तसं उशिरा, 1957 ला झालेलं. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी.

खुब्यापासून गुडघ्यापर्यंत

मग गुडघा कुठे आला? तोही रायटिंग्टनमधूनच आला. खुबा म्हणजे वाटीत गोळा, सरळ हिशोब. गुडघा तसा नाही. आधीच्या लोकांनी तो दाराच्या बिजागरीसारखा समजून धातूच्या बिजागऱ्या बसवल्या, त्या सैल झाल्या. कारण खरा गुडघा वाकताना नुसता वाकत नाही. तो थोडा घरंगळतो, थोडा सरकतो, थोडा पिळतो, आणि हे सगळं आतल्या दोरखंडांच्या, म्हणजे लिगामेंटच्या ताब्यात असतं.

कॅनडाहून चार्नलीकडे शिकायला आलेल्या फ्रँक गन्स्टन या सर्जनने 1968 च्या सुमारास वेगळा विचार केला. बिजागरी टाकून द्यायची, लिगामेंट ठेवायचे, आणि मांडीच्या हाडाच्या दोन्ही टोकांवर धातूच्या छोट्या अर्धगोल पट्ट्या आणि खाली नडगीवर त्याच पॉलिथिनच्या पन्हळ्या बसवायच्या. जोडायला तेच सिमेंट. म्हणजे सगळा माल चार्नलीचा, पण जागा नवी. डावी-उजवी बाजू वेगवेगळी असल्यामुळे पुढचा प्रश्न आपोआपच आला: एकच बाजू झिजली असेल तर दुसरी का बदलायची?

1972 च्या आसपास अमेरिकेत मार्मोर यांनी एका बाजूचा गुडघा आणला. ऑक्सफर्डला जॉन गुडफेलो हा सर्जन आणि जॉन ओ'कॉनर हा इंजिनिअर, या दोघांनी मिळून असा गुडघा बनवला ज्यात वर धातूचा गोल भाग, खाली धातूची सपाट पट्टी आणि मध्ये मोकळी सरकणारी पॉलिथिनची चकती. 1982 पासून तो एका बाजूपुरता वापरला जायला लागला. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, रानावत आणि इंजिनिअर वॉकर यांनी 1974 ला पूर्ण गुडघ्याची रचना पक्की केली. यातले रानावत म्हणजे आपले भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन रानावत. 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे त्यांनीच बदलले. माझ्या आजोबांच्या पिढीला गुडघा बदलता येतो हे बहुधा त्याच बातमीने कळलं.

आता आमच्या घरचा वाद. आधी एक गैरसमज काढतो. गुडघा बदलणं म्हणजे वाटी बदलणं नाही. वाटी म्हणजे समोरचं ते सुटं, गोल हाड. पूर्ण गुडघा बदलतानासुद्धा ते हाड काढून टाकत नाहीत, फार तर त्याच्या मागे प्लॅस्टिकची चकती बसवतात. बदलतात ते मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचा माथा, तोही वरचा काही मिलिमीटरचा थर.

गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. पाय बाहेर वाकला की भार आतल्या कप्प्यावर पडतो, आधी तोच झिजतो. बाकीचे दोन ठीक असतील, पुढचा क्रूसिएट लिगामेंट शाबूत असेल आणि वाकलेला पाय हाताने सरळ करता येत असेल, तर फक्त आतला कप्पा बदलता येतो. फोनची स्क्रीन फुटली तर आपण फोन टाकत नाही. पण आत पाणी जाऊन बोर्डही गेला असेल तर नुसती स्क्रीन बदलून पैसे वाया. कोणत्या केसमध्ये काय, हे उघडायच्या आधीच नीट तपासायचं. आईचे गुडघ्यावर दाब देऊन काढलेले वेगळे एक्स-रे होते, ते याचसाठी.

मग दोन्हींत चांगलं कोणतं? इथे मी चार्नलीसारखं आकड्यांकडे गेलो. ब्रिटनमध्ये 27 हॉस्पिटलांत 528 रुग्णांवर एक चाचणी झाली, अर्धा गुडघा विरुद्ध पूर्ण गुडघा. पाच वर्षांचे निकाल 2019 ला आले. चालणं, दुखणं, रोजची कामं, यात दोन्ही जवळपास सारखे निघाले, अर्ध्याचा खर्च कमी. अर्ध्यात कापाकापी कमी, स्वतःचे लिगामेंट राहतात, माणूस लवकर उठतो. दुसरी बाजू ही की देशोदेशींच्या नोंदवह्यांमध्ये अर्ध्या गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त दिसतं. उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात. पण तेव्हा अर्ध्याचा पूर्ण करता येतो. हे मी घरी फोनवर जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. वडिलांना पुन्हा ऑपरेशन हा शब्द आवडला नाही. काकांनी किंमत विचारली. त्यांना सांगितलं की 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याला 54,720 रुपये अधिक जीएसटी, आणि बिलात सांध्याची रक्कम वेगळी दिसलीच पाहिजे, ती मागून घ्यायची.

आईने मात्र वेगळंच विचारलं. खाली बसता येईल का? ऑक्सफर्डवाल्यांची बारा प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. जिना उतरता येतो का, बाजारहाट करता येतो का, असे प्रश्न. गुडघे टेकता येतात का हेही आहे. मांडी घालून पंगतीत बसता येतं का, हे त्यात नाही. डॉक्टरांना आम्ही तेच विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं: गुडघा वाकेल बऱ्यापैकी, पण उकिडवं बसून खुरपणी हे विसरा, त्यातल्या प्लॅस्टिकवर तो अन्याय आहे. आई बराच वेळ गप्प बसली. नंतर तिने अर्ध्यालाच होकार दिला, कारण तिच्या मते जे चांगलं आहे ते कापायचं कशाला.

याला आता चौदा महिने झाले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. पहिले दोन महिने व्यायामाचा कंटाळा केला, मग आमची भांडणं झाली, मग केला. पाय सरळ झालाय. मी फोनमध्ये एक शीट केलीय. बारा प्रश्न ऑक्सफर्डचे आणि पाच आमचे: मांडी, पंगत, एसटीची पायरी, नर्सीचं दर्शन, हळदीचं शेत. दर महिन्याच्या एक तारखेला फोन करून विचारतो आणि भरतो. चार्नलीकडून उचललेली सवय.

या महिन्याला एसटीच्या पायरीला तिने पहिल्यांदा पूर्ण मार्क दिले. मांडीला अजून दोनच आहेत. हळदीच्या शेतासमोर तिने मला काही लिहू दिलं नाही. बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते आणि तिथून बायांना ओरडते, ते कशात धरायचं ते ठरव म्हणाली.